आपली माणसे : बॅरिस्टर नाथ पै

बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत गेले ते कोकणातील राजापूर मतदारसंघातून. परंतु बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांनी त्यांना सदैव आपलेच मानले.

वेंगुर्ल्यास 25 सप्टेंबर 1922 रोजी जन्मलेल्या नाथांचे काही शिक्षण बेळगावात झाले. 1942 च्या लढ्यात त्यांनी कारावास सोसला. पुढे लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. मात्र वकिलीतील धनार्जनाऐवजी त्यांनी समाजवादी चळवळीची वाट धरली. 1957, 1962 व 1967 अशा लागोपाठ तीन निवडणुकांत ते विजयी झाले.

त्यांची कायद्याची विद्या संसदेत फळास आली. 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, संसदेस मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. विरोधी बाकांवरील नाथांनी त्याच वर्षी खाजगी विधेयक मांडून घटनादुरुस्तीचा हा अधिकार संसदेस परत मागितला. जो अधिकार प्रथम सत्ताधाऱ्यांच्याच हाती पडणार, तो विरोधकाने मागावा, हे अनेकांस रुचले नाही. विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. 1971 च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेस मिळाला. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने त्यास घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. शंका घेणारे आणि नाथ, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, असेच म्हणावे लागेल.

सीमाप्रश्नीही त्यांची भिस्त संसदेवरच होती. कारण राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेसच दिला आहे. 1967 च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्रास देऊ केली, परंतु बेळगाव नाकारले. निराशेच्या त्या काळातही नाथांनी सनदशीर मार्ग सोडला नाही.

17 जानेवारी 1971 रोजी बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत ते बोलले. हृदयविकाराने पोखरलेल्या त्या देहाचे ते अखेरचे भाषण ठरले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बेळगावातच त्यांचे देहावसान झाले.

2004 मध्ये महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. घोषणा विरून जातात. कागद आणि युक्तिवाद मागे उरतात. आपल्या मुलामुलींपैकी कोणी कायद्याच्या अभ्यासाकडे वळत असेल, तर त्यांस नाथांचे चरित्र अवश्य वाचावयास द्यावे.