आखाडातली मरळ



मागच्या रविवारी आपल्या इंद्रपुरीतल्याच एका तरुण मुलानं फोटो टाकला होता. हथाईखेडा डॅमचा काठ, एका हातात गळाची नवी कोरी काठी आणि दुसऱ्या हातात जबड्याला धरून उचललेली मरळ. अडीच-तीन किलोची तरी असावी. सगळ्यांनी वाहवा केली. मीही अंगठा दिला. मग चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि दिलेला अंगठा गुपचूप काढून घेतला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, काही चुकलं का?" म्हटलं, नाही रे, बोलू सावकाश. पण ही गोष्ट फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखी नाही, आणि एकट्या त्यालाच सांगण्यासारखीही नाही. म्हणून त्याला विचारून इथे लिहितो आहे.

त्या फोटोत त्याच्या गुडघ्यामागे जलपर्णीच्या कडेचं पाणी दिसतं. तिथे ताटाएवढा एक लालसर डाग आहे. पावसाचं गढूळ पाणी म्हणून कुणीही सोडून देईल. मला तो डाग चांगला ओळखीचा आहे. तो मरळीच्या पिल्लांचा थवा आहे. आणि त्यांची आई किंवा बाप त्या मुलाच्या हातात लटकतो आहे.

आता थोडं मागे जातो. आमचे अण्णा मालवणकडचे. १९६४ साली हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले आणि भोपाळला आले. (तेव्हा त्याला भेल म्हणत नसत, ते १९७४ नंतर.) समुद्र सुटला, पण मासा काही सुटला नाही. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये एका बाजूला शर्माजी, दुसऱ्या बाजूला जैनसाहेब. आई खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून मासे तळायची. सगळ्या लाइनीला कळायचंच, पण कुणी कधी बोललं नाही. बाजारात मिळायचे ते रोहू, कतला. अण्णा ते खायचे, पण नाक मुरडून. गोड्या पाण्यातल्या एकाच माशाला त्यांनी मान दिला, तो मरळीला. काटे कमी, मांस घट्ट, कालवणात तुकडा मोडत नाही. इथले लोक तिला सौल म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला मुद्दाम देतात, तीच ही.

रविवारी सायकलवर आम्ही दोघं निघायचो. बांबूची काठी, तंगूस, गळ, एका डब्यात गांडुळं आणि दुसऱ्या डब्यात, मरळीसाठी, बोटभर बेडूक. त्या दिवसांत रायसेन रोडच्या बाजूला वस्ती कमी आणि पाणी जास्त. पावसाळ्यात जिथे खळगा तिथे तळं.

मी अकरा वर्षांचा असेन. आठवडाभर पाऊस लागून उघडीप मिळाली होती. एका तळ्याच्या कडेला, गवताच्या फटीत, पाण्यावर तो लाल डाग पहिल्यांदा पाहिला. सारखा हलत होता, मधूनच सगळाच्या सगळा बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. जवळून पाहिलं तर काडीएवढी शेकडो पिल्लं. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "लाल दिसलं ना, की आईबाप खालीच असतात." त्यांनी बेडूक त्या डागाच्या पलीकडे टाकला आणि डागावरून ओढत आणला. पहिल्या खेपेला नुसता फटका बसला. दुसऱ्या खेपेला मरळ लागली. अर्ध्या तासात दुसरीही लागली. त्या दिवशी घरी कालवण आणि तळलेल्या तुकड्या, दोन्ही झालं. आखाड होता, पुढे श्रावण लागणार, म्हणून चापून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मित्राला घेऊन तो लाल डाग दाखवायला गेलो. डाग वाटीएवढा उरला होता. काठावर बगळा, वर काडीवर खंड्या. खालून कुणीतरी मचकन पाणी फोडत होतं. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात वाटीचे चार ठिपके झाले. मित्र म्हणाला, "यही दिखाने लाया था?"

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, तळ्यात काय मरळी कमी आहेत? आणि खरंच कमी नव्हत्या. अण्णा त्यानंतरही तसेच पकडत राहिले, आणि मोठा झाल्यावर मीही. मला काही त्या दिवशी साक्षात्कार वगैरे झाला नाही. चाळिशी उलटेपर्यंत पावसाळ्यात लाल डाग शोधत मी हिंडलो आहे. तेव्हा त्या मुलाला बोलण्याचा अधिकार मला किती, हे तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र पुढे मला फार खटकायला लागली. हेच अण्णा नारळी पौर्णिमेला न चुकता मोठ्या तलावावर जाऊन नारळ सोडायचे. समुद्र नाही तर तलाव. त्यांच्या गावी त्या दिवसाच्या आधी होडी पाण्यात लोटणं म्हणजे पाप. पावसाळ्यात समुद्र उधाणलेला असतो हे एक कारण, आणि मासा तेव्हा पोटुशी असतो हे दुसरं. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तो सरकारी नियम. पण तो नियम येण्याच्या कितीतरी आधी कोळ्यांनी स्वतःला ही शिस्त लावून घेतली होती. अण्णांच्या अंगात ती मुरलेली होती, पण खाऱ्या पाण्यापुरती. सह्याद्री ओलांडून विंध्याच्या या बाजूला आले आणि गळ टाकताना पंचांग विसरले. आपण बाहेर येऊन वसलेल्या लोकांचं असं पुष्कळ बाबतींत होतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तर मरळ. हा मासा वर येऊन हवा घेतो, त्यामुळे कमी पाण्यात, गाळात, जिथे दुसरे मासे गुदमरतील तिथेही तग धरतो. म्हणूनच लोकांना वाटतं की ही जात काही संपायची नाही. पण तिचं बाळंतपण बघा. पाऊस सुरू झाला की जोडी उथळ कडेला येते, गवत-पाला बाजूला सारून गोल मोकळी जागा करते. पिवळसर अंडी तिथेच तरंगतात. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि मग कित्येक आठवडे ती थव्यानं फिरतात, खाली आईबापांचा पहारा. आपल्या पिल्लांवरून जे काही जाईल, बेडूक असो, साप असो की प्लास्टिकचं खेळणं, त्यावर ती तुटून पडतात. भूक असो वा नसो.

म्हणूनच त्या दिवसांत ती इतकी सहज गळाला लागते. आपल्याला वाटतं आपण हुशार. खरं म्हणजे एरवी मरळ पकडणं भल्याभल्यांना जमत नाही. ती दबा धरून बसते, आमिष हुंगून सोडते, सावली हलली की पळते. पिल्लं सोबत असताना मात्र ती पळतच नाही. इथे कसबाचा प्रश्नच येत नाही.

आता तरुण मंडळी म्हणतील, काका, आम्ही खात नाही, फोटो काढून सोडून देतो. हे मला मनापासून आवडतं. आमच्या पिढीला हे सुचलंही नव्हतं. पण पावसाळ्यात ते पुरत नाही, आणि ते मला माझ्या भाच्यामुळे कळलं.

भाचा फ्लोरिडात असतो. तिथली ती कोमट, दलदलीची तळी, कमळाची पानं, कडेला मगरीसुद्धा. तो कयाक घेऊन एकटाच जातो आणि बास नावाचा मासा पकडतो. मला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. (आपल्याकडे कयाक म्हटलं की छोटा तलाव आणि स्पर्धा आठवतात. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणारी प्राची यादव याच भोपाळच्या पाण्यात तयार झाली. कयाकमध्ये बसून मासे धरायचे हे इथे कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. आणि मोठ्या तलावात तर हरित लवादानं २०२३ मध्ये मोटरबोटी आणि क्रूझसुद्धा बंद करायला लावल्या.) मासा म्हणून बास आणि मरळ यांचं नातं नाही, पण स्वभाव सख्ख्या भावासारखा. दोघंही गवतात दबा धरणारे, दोघंही प्लास्टिकच्या बेडकावर उडी घेणारे. आणि बासमध्येही पिल्लांवर पहारा असतो, तिथे एकटा बाप देतो. तळाशी शेपटीनं खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि हा पठ्ठ्या न हलता राखण करतो.

तिकडच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं आहे. राखण करणारा नर गळानं उचलला, काही मिनिटांत परत सोडला, तरी तेवढ्या वेळात बाजूचे छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात. जास्त वेळ पाण्याबाहेर राहिला तर दमलेला नर पुष्कळदा घरटं सोडूनच देतो. म्हणून कॅनडात ऑन्टारियोच्या बऱ्याच भागांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धापर्यंत उघडतच नाही. फ्लोरिडात मात्र असा बंद हंगाम नाही. तिथे दिवसाला पाच बास ठेवता येतात आणि त्यांतला एकच सोळा इंच किंवा त्याहून मोठा चालतो, एवढंच बंधन. भाच्याला विचारलं, मग घरट्यावरचा दिसला तर तू काय करतोस? म्हणाला, "मामा, वल्हं मारून पुढे जातो. कुणी बघत नसतं, पण तरी."

आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. दरवर्षी पेपरात येतं. काठावर हटकलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, नियम जाळीवाल्यांसाठी आहे, आमच्या एका काठीनं काय होतं. दुसरं जास्त हुशारीचं: नदीशी संबंध नसलेल्या छोट्या तळ्यांना हा नियम लागूच नाही.

हे दुसरं कागदावर खरं आहे. दरवर्षीच्या आदेशात ही सूट असतेच. पण ती का असते ते पाहा. नियम मुख्यतः रोहू, कतला, मृगळ यांच्यासाठी आहे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते आपसूक वाढत नाहीत, तिथे बाहेरून बीज आणून सोडतात. म्हणून नदी सांभाळली आणि तळं मोकळं सोडलं. मरळीचं उलटं. तिला साचलेलंच पाणी हवं, गवताची कड हवी. म्हणजे जिथे कायदा नाही नेमक्या तिथेच तिची पिल्लं असतात. कायदा करणाऱ्याला दोष देत नाही, पण ही फट बुजवायला सरकारी माणूस प्रत्येक डबक्यावर उभा राहील असं कुणाला वाटतं का? तिथे फक्त आपण असतो, काठी घेऊन.

आणि गटारी! श्रावणाआधीचा शेवटचा सामिष रविवार. आषाढातली अवस म्हणजे त्या दोन महिन्यांतच. तेव्हाच आपल्या घरांतून सगळ्यात जास्त मासा मागवला जातो आणि 'ताजी, तळ्याची मरळ आहे का' म्हणून विचारलं जातं. ती ताजी मरळ कुठून येते ते आता तुम्हाला माहीत आहे. मी गटारी बंद करा म्हणत नाही, माझ्याच घरात बंड होईल. कोंबडी आहे, मटण आहे. बर्फातला समुद्राचा मासा आणा, नाही तर सोड्यांची खिचडी करा. मरळ दिवाळीनंतर खा. थंडीत तिची चवही जास्त चांगली असते, हे अण्णांचं मत आणि माझंही.

जाळीवाल्यांचं म्हणाल तर तेही खरं आहे. ठेक्याच्या पाण्यात एका जाळ्यात निघतं तेवढं आपल्या दहा काठ्यांना वर्षभरात लागत नाही. मोठा आणि छोटा तलाव मिळून भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे, तरी तिथे काय काय जाऊन पडतं ते आपण सगळे बघतो, आपले गणपतीसुद्धा त्यात आले. या सगळ्यापुढे एक मरळ म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे हिशेबी उत्तर नाही. एवढंच सांगू शकतो की जाळीवाला लाल डाग शोधत येत नाही. गळवालाच येतो. जाळीवाल्याचं ते पोट आहे. माझी रविवारची हौस होती.

त्या मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काका, मला वाटलं होतं ते शेवाळ आहे." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे शिकवलं होतं? लाल दिसलं की गळ कुठे टाकायचा, तेवढंच शिकवलं होतं.

काल सकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवर हथाईखेड्याला जाऊन आलो. काठ्या घरीच ठेवल्या होत्या. त्यानं तीच जागा दाखवली. जलपर्णी वाऱ्यानं जरा सरकली होती. तिथे काही नव्हतं. पुढे पन्नासेक पावलांवर, बेशरमाच्या झुडपाखाली, दुसरा एक थवा दिसला, चांगला परातीएवढा. आम्ही लांबच उकिडवे बसलो. थोड्या वेळानं डागाच्या बाजूला एक काळं डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. त्यानं सवयीनं खिशातून मोबाइल काढला, तोवर मरळ बुडाली होती. मग आम्ही पुढच्या घोटाची वाट बघत बसलो.