भीती शिजलेल्या चिकनची, मेलेल्या कोंबडीची नाही

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव देशभर पोहोचले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तेथील कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले. भारतातील बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. त्याआधी काही आठवडे पक्षी मरत होतेच. पोल्ट्रीचालकांना ती नेहमीची मानमोडी वाटली. आजार नवा आणि लक्षणे ओळखीची, त्यामुळे त्यांचा समज अगदीच निराधार नव्हता. पण तेवढ्या दिवसांत विषाणू पसरला. नवापूरभोवतीच्या तीन किलोमीटरमधील कोंबड्या माराव्या लागल्या. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छलमध्येही तो सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरने हेच पुन्हा पाहिले.

या दोन्ही वेळी लोक घाबरले, पण भलत्याच गोष्टीला. राज्यभर ताटातले चिकन आणि अंडी गायब झाली, भाव कोसळले, मंत्र्यांना कॅमेऱ्यासमोर चिकन खाऊन दाखवावे लागले. वास्तविक ७० अंश सेल्सिअसला आतपर्यंत शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, आणि आपल्याकडे मांस त्याहून किती तरी जास्त शिजते. २०२० मध्ये तर कोंबडीचा काडीचाही संबंध नसलेल्या करोनाची अफवा चिकनवर आली आणि पोल्ट्रीवाले पुन्हा बुडाले.

खरा धोका ताटात येण्याच्या बराच आधी असतो. नवापूर तालुक्यातल्याच खांडबाऱ्यासारख्या गावात आणि आसपासच्या पाड्यांवर गावठी कोंबडी हा घरातल्या बाईचा हाताशी असलेला पैसा. मुलाची वही, दवाखान्याचे भाडे, अडीनडीचा बाजार त्यातून निघतो. कोंबड्या अंगणात चरतात, रात्री डालग्याखाली, पुष्कळदा घरातच असतात. अशा ठिकाणी कोंबडी मान टाकू लागली की मरायच्या आत ती कापायची किंवा बाजारात काढायची, हा साधा हिशेब असतो. नेमके हेच सर्वांत घातक. आजारी पक्ष्याच्या लाळेत, विष्ठेत, रक्तात विषाणू असतो आणि कापताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना तो हाताला, डोळ्यांना, नाकाला लागतो.

२००६ मध्ये नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, हे खरे. मात्र २००३ पासून जगभरात एच५एन१ची नऊशेहून अधिक माणसांना बाधा झाली आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. बहुतेकांचा आजारी वा मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला होता. भारतात या विषाणूने माणसाचा पहिला बळी २०२१ मध्ये घेतला, हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा. महाराष्ट्रातही २०१९ मध्ये मेळघाटातील दीड वर्षाच्या बाळात पक्ष्यांच्या फ्लूचा दुसरा, सौम्य प्रकार, एच९एन२, सापडला होता. ते बाळ बरे झाले.

मग लोक मरतूक का कळवत नाहीत? ‘अज्ञान’ हे उत्तर सोपे आहे, सरकारी अहवालांना आवडतेही. पण पाड्यावरच्या बाईचा हिशेब पाहा. भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. चार कोंबड्या मेल्याचे कळवले तर त्या चार गेल्याच, उरलेल्या आठही जाणार, वर शेजाऱ्यांच्या कोंबड्या मारल्या म्हणून गावाचा रोष. पैसे कधी आणि कोणत्या खात्यावर येतील, हे सांगायला कोणी नाही. गप्प बसणे तिला शहाणपणाचे वाटले तर नवल काय? २००९ च्या कायद्याने साथीच्या जनावर-पक्ष्यांची माहिती देणे मालकावर बंधनकारक केले आहे, पण कायद्याचा धाक दाखवून आलेली माहिती उशिराच येते. मोठ्या शेडवाल्याला मिळतो तसाच परसातल्या आठ कोंबड्यांचाही पैसा पथक गाव सोडण्याआधी जाहीर व्हावा आणि आठवडाभरात हातात पडावा. तसे एका गावात झाले की शेजारच्या गावाला पत्रक वाटावे लागणार नाही. बाकी माहिती पुस्तकी मराठीतल्या फलकाऐवजी मावचीत, आठवडे बाजारात कोंबड्या विकायला बसलेल्या बायांशी बोलून द्यावी.

त्यांना सांगायचे तेही थोडकेच आहे. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, डोके सुजले, तर त्या उघड्या हाताने उचलू नयेत, मुलांना लांब ठेवावे, नाल्यात फेकू नयेत आणि कुत्र्यांपुढेही टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. हात लागलाच तर साबणाने नीट धुवावेत. आणि त्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी कोंबड्या मेल्याचे सांगावे, कारण ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत दिले तर अधिक गुण येतो.