सावकाराने सोडवलेले नाव

२०१२ च्या फेब्रुवारीत न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावरची ‘सेंट जेम्स पार्क’ ही अक्षरे उतरवण्यात आली. आधीच्या नोव्हेंबरातच क्लबने मैदानाचे नाव बदलून ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना’ केले होते. अक्षरे निघाली आणि कोणीतरी रंगाच्या फवाऱ्याने मोकळ्या भिंतीवर जुने नाव पुन्हा लिहिले. अक्षरे वेडीवाकडी होती, पण मजकूर अचूक होता.

क्लब १८९२ पासून या मैदानावर खेळतो आहे. म्हणजे नाव बदलले तेव्हा एकशे एकोणीस वर्षे झाली होती. बदल करणारे मालक माइक ॲशली यांनी क्लब २००७ मध्ये विकत घेतला होता. स्पोर्ट्स डायरेक्ट हे दुकानांचे जाळेही त्यांचेच. एका खिशातल्या कंपनीचे नाव त्यांनी दुसऱ्या खिशातल्या मैदानाला दिले आणि त्यासाठी कंपनीने क्लबला पैसेही मोजले नाहीत. क्लबने सांगितले की, नावाचे हक्क विकायला काढले आहेत, भावी प्रायोजकाला मैदानावरचे नाव कसे दिसेल ते कळावे म्हणून ही पाटी. म्हणजे शहराने जपलेले नाव नमुना दाखवण्यासाठी उतरवले गेले.

चाहत्यांनी ते मानले नाही. निदर्शने झाली. बोलताना, भेटीची जागा ठरवताना, नाव सेंट जेम्स पार्कच राहिले. मैदानाला लागून असलेल्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही ‘सेंट जेम्स’ कायम होते. स्थानकातून वर आलेला माणूस ज्या मैदानासमोर उभा राहत होता, त्याचे नाव मात्र मालकाच्या लेखी बदललेले होते.

२०१२ च्याच ऑक्टोबरात जुने नाव परत आले. चाहत्यांना आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण हे नाव आणले कोणी, ते पाहा. ‘वोंगा’ ही कंपनी पगार होईपर्यंत अल्प मुदतीची कर्जे देत असे. तिच्या व्याजाचा वार्षिक दर ४००० टक्क्यांच्या वर जात होता. ही कंपनी क्लबची प्रायोजक झाली. खेळाडूंच्या छातीवर तिचे नाव आले. याच करारात तिने मैदानाच्या नावाचे हक्कही घेतले आणि मैदानाला ‘सेंट जेम्स पार्क’ हे नाव परत दिले. नगर परिषदेचे तेव्हाचे नेते निक फोर्ब्स यांनी या कंपनीला कायदेशीर सावकार म्हटले होते आणि कराराबद्दल उघड संताप व्यक्त केला होता.

माझे बोट या एकाच गोष्टीवर आहे. मालकाने नाव गहाण टाकले आणि सावकाराने ते सोडवून दिले. ज्यांचे नाव होते, त्या लोकांना गहाण टाकताना कोणी विचारले नाही. सोडवतानाही विचारले नाही. चाहत्यांना हवे होते तेच मिळाले, पण ते मिळाले उपकार म्हणून. उपकार करणाऱ्याने उद्या दुसरा विचार केला असता, तर त्यांच्या हातात काय होते? भिंत आणि रंगाचा डबा.

पैशांची गरज खोटी नाही. चांगला खेळाडू फुकट येत नाही. अशा करारातून वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत रक्कम मिळेल, असे तेव्हा क्लब सांगत होता. ती कोणाला नको असेल? आर्सेनल क्लबने २००६ मध्ये नवे मैदान बांधले आणि त्याला विमान कंपनीचे नाव दिले. तिथे कोणाच्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत, कारण त्या मैदानाला अजून आठवणीच नव्हत्या. नव्या वास्तूचे बारसे पैसे घेऊन करावे, तो व्यवहार आहे. शंभर वर्षांच्या माणसाचे नाव बदलणे हा व्यवहार नव्हे.

मालकी हक्काचा युक्तिवादही इथे पुरत नाही. क्लब ॲशलींचा होता, हे खरे. शेअर त्यांचे होते, पाट्या लावण्याचा अधिकारही त्यांचा होता. पण सातबाऱ्यावर जमीन चढते, नाव चढत नाही. नावाला किंमत आली ती मैदानात बसलेल्या माणसांमुळे. पावसात, हरणाऱ्या मोसमातही हजारो लोक तिथे येत राहिले, म्हणून ते नाव विकण्याजोगे झाले. जी किंमत लोकांनी निर्माण केली, ती विकताना लोकांना वगळणे हा अन्याय आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

वोंगा २०१८ मध्ये कोसळली. ॲशलींनी २०२१ मध्ये क्लब विकला आणि त्यांच्या दुकानांच्या पाट्या त्याच वर्षाअखेर मैदानावरून उतरल्या. दोन्ही नावे गेली, नाव बदलणारा गेला, ते परत देणारा गेला. सेंट जेम्स पार्क उरले. पण चाहत्यांच्या चिकाटीवर आणि नशिबावर किती वेळा विसंबायचे?

इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा झाला. क्लबचे बोधचिन्ह किंवा घरच्या मैदानावरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे असतील, तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे याची खात्री करून घेण्यासाठी क्लबने वाजवी पावले उचलावीत, अशी त्यात तरतूद आहे. जर्सीच्या रंगाला संरक्षण आहे, ती जर्सी घालून ज्या मैदानात उतरायचे त्याच्या नावाला तशी अट नाही. ही उणीव लहान आहे आणि भरून काढणेही अवघड नाही. कायद्याच्या त्या यादीत आणखी एक ओळ घाला: जुन्या मैदानाचे नाव चाहत्यांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही. नाव लोकांचे असेल, तर ते सोडवायला सावकाराची वाट पाहावी लागता कामा नये.