टोपी उलटी करून बघा

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच्या राजाराम रायफल्स या पलटणीच्या टोप्या, बिल्ले जपायलाच हवेत. जर्मन टोप्यांना जगभर पारखी मिळतात, आपल्या पलटणीला का नाहीत? जुनी म्हणून कुणी टोपी पुढे केली, तर ती आधी उलटी करा. घामाची चामडी पट्टी कपाळाकडे जास्त काळवंडलेली असते; मुद्दाम जुनी केलेली सगळीकडे सारखीच मळकट. मग अंधारात अतिनील दिवा धरा. शिवणीचा दोरा निळसर चमकला, तर संशय घ्या: धागा उजळवणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. (धुण्याच्या पावडरीतूनही ती येतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.) बिल्ल्याची पाठही बघा, ओतीव नकलेवर बारीक खड्डे राहतात.