म्हशीची कातडी आणि चैत्राचे ऊन



परवा एका वस्तीवर गेलो होतो. घरधन्याची नववीतली मुलगी पुस्तक घेऊन आली. "काका, पॅकिडर्म म्हणजे काय हो?"

शब्द मूळचा ग्रीक. 'पॅकिस' म्हणजे जाड, 'डर्मा' म्हणजे कातडी. तालुक्याला कातडीच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'डर्मॅटॉलॉजिस्ट' लिहितात, त्यातला 'डर्मा' हाच. जॉर्ज कुव्हिए (१७६९–१८३२) या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हत्ती, गेंडा, पाणघोडा, डुक्कर अशा रवंथ न करणाऱ्या जनावरांना या एका नावाखाली बसवले. पुढे शास्त्रज्ञांनी तो गट मोडला. हत्ती-डुकरांचे नाते कातडीपुरतेच निघाले. शब्द मात्र टिकला.

"मग आपली म्हैस?" म्हैस त्यात नव्हती, ती रवंथ करते.

घरधनी हसले. "नसंना का साहेब! कातडी जाड हाय न्हवं? तिला कसलं ऊन लागतंय!" आणि म्हैस भर दुपारी उघड्यावर मेखेला बांधलेली, जीभ बाहेर काढून धापा टाकत होती.

मंडळी, इथेच आपण फसतो. हत्तीची कातडी काही जागी इंचभर जाड, तरी माशी बसलेली त्याला कळते, आणि उन्हापासून बचाव म्हणून तो अंगावर चिखलमाती उडवून घेतो. म्हशीचेही तसेच. गाईच्या मानाने तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी सुमारे एक षष्ठांश. घाम कमी, म्हणून अंग निवत नाही. रंग काळा, केस विरळ, त्यामुळे ऊन थेट शोषले जाते. ती डबक्यात डुंबते ती लाडाने नव्हे, गरजेने! (माझ्या वडिलांना हे कुणी शिकवले नव्हते, पण ते म्हशी रोज ओढ्यावर नेत.)

उन्हाने दूध तर आटतेच, पण खरा तोटा माजाचा. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते, ओरडत नाही. तो पहाटे आणि रात्री पाहावा लागतो. चुकला की तीन आठवडे गेले, आणि असे दोन-तीनदा झाले की वेत लांबलेच.

तेव्हा चरायला सकाळ-संध्याकाळ सोडा. दुपारी झाडाखाली किंवा छपरात बांधा, दोन-तीनदा अंगावर पाणी मारा, पाठीवर ओले गोणपाट टाका. पिण्याचे पाणी सावलीत, हवे तेव्हा मिळेल असे ठेवा. धाप थांबत नसेल, तोंडाला फेस आला असेल, तर पाणी मारत राहा आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा.

त्या दिवशी आम्ही म्हैस निंबाखाली नेली. पोरीने हौदातून बादल्या आणून ओतल्या. बऱ्याच वेळाने म्हैस बसली आणि रवंथ करू लागली. घरधनी काही बोलले नाहीत. उठले, उन्हातली मेख उपटली आणि निंबाखाली ठोकली.