मुक्या जीवांचा मदतनीस

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे "पुढें काय?" हा प्रश्न घेऊन मुलें आमच्याकडे येतात. डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावयाचें असल्यास तीं तें मोठ्यानें सांगतात. परंतु मागें एक माजी विद्यार्थी आला तो मान खालीं घालून. पशुसंवर्धनाच्या पदविकेस नांव घातल्याचें सांगून, "गुरांचा कंपाउंडर होणार, सर," असें म्हणत तो स्वतःच हसला. त्याचें तें हसणें आम्हांस बोंचलें. म्हणून हे दोन शब्द.

परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. अशा महाविद्यालयांतून पदवीधर पशुवैद्य बाहेर पडतात. त्यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या सहायकाचें शिक्षण त्याहून थोड्या काळाचें असतें, पण तें हलकें नव्हे. जनावर न बुजवितां कसें धरावें, जखम धुवून कशी बांधावी, लस कशी टोंचावी, नोंद कशी ठेवावी, हें सर्व हातानें करूनच शिकावें लागतें. निरोगी गाईच्या अंगांतील उष्णता सुमारें १०१.५ अंश फॅरनहाइट असते; माणसाचें प्रमाण तिला लावणारा धडधाकट गाईस तापकरी ठरवील!

तथापि या विद्येंत हातापेक्षां मनाचें शिक्षण अधिक, असें आमचें मत आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवाव्या लागतात. उन्हांत राहून निकामी झालेली लस पुष्कळदां दिसावयास चांगल्या लसीसारखीच असते. ती टोंचली तरी त्या दिवशीं शेतकऱ्यास कांहींच कळत नाहीं. कळतें तें सांथ आल्यावर, दावणीचा बैल गेल्यावर. म्हणून बर्फाची पेटी सांभाळणें हें हमालाचें काम नसून सचोटीची परीक्षा आहे.

दुसरी परीक्षा मर्यादेची. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणें पदविकाधारकानें राज्य सरकारनें परवानगी दिलेले किरकोळ उपचारच करावयाचे, आणि तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं व सूचनेप्रमाणें. खेड्यांत मात्र त्यालाच "डॉक्टर" म्हणतात, आणि त्या नांवाची त्यास भूल पडते. कोणी म्हणेल, "पशुवैद्य दहा कोस दूर, गाय अडलेली, तेव्हां कायदा काय कामाचा?" हा आक्षेप पोकळ नव्हे. गांवोगांव पशुवैद्य पुरविणें हें सरकारचें कर्तव्य आहेच. पण अंदाजानें सुई टोंचणें हा त्यावर उपाय नव्हे. लक्षणें नीट पाहून पशुवैद्यास ताबडतोब कळविणें व तो सांगेल तसें वागणें, यांतच त्या गाईचें हित आहे. "हें मला येत नाहीं" असें चार माणसांत म्हणण्यास धैर्य लागतें.

आणि हें काम क्षुल्लक कोणी म्हणावें? बुळकांडीनें एके काळीं गोठेच्या गोठे ओस पाडले. २०११ सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें निर्मूळ केलेला हा दुसराच रोग. लस शास्त्रज्ञांनीं शोधिली खरी, पण गोठ्यागोठ्यांत नेऊन ती टोंचणारे हात पुष्कळ अंशीं अशा सहायकांचेच होते.

तेव्हां, विद्यार्थिमित्रा, त्या शिक्षणास मान वर करून जा. रोगी माणूस तुझी चूक तुला सुनावील. बैल कांहींच बोलणार नाहीं. म्हणूनच ज्याचें मन त्याला टोंचून बोलेल, असाच मनुष्य त्या गोठ्यांत हवा.