महिन्याचे गाठोडे

घरात कॉलेजात जाणारे मूल असेल, तर प्रोजेक्टच्या निमित्ताने पावसाचे आकडे कधी ना कधी घरी येतातच. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे साडेतीन हजारांवर ओळी. तेवढ्या सगळ्या एका आलेखात काढल्या तर पडद्यावर शेवयांचा गुंता दिसतो. म्हणून संगणकाला सांगावे लागते, की बाबा, दिवसांची गाठोडी बांध, आठवड्याची, महिन्याची किंवा वर्षाची. तो बांधतोही. पण कुठल्या मालाचे गाठोडे कसे बांधावे हे त्याला कळत नाही.

पावसाची बेरीज करायची, तापमानाची सरासरी काढायची, हे शाळकरी पोरालाही समजते. टॅब्लो नावाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र आकड्यांचा रकाना ओढून आणला, की तो आपणहून बेरीजच करतो. मे महिन्यातले रोजचे ३५ अंश जोडून १०८५ अंश तापमान दाखवताना त्याला काही वाटत नाही! राकसकोप जलाशयाच्या पातळीची तर बेरीजही नको आणि सरासरीही नको. तिथे महिनाअखेरची नोंद घ्यावी, कारण बेळगावच्या नळाला पुढे पाणी किती पुरणार हे त्यावरून कळते.

एक्सेलच्या पिव्होट टेबलात आणखी एक गंमत आहे. तारखांचे गट पाडताना फक्त 'महिना' निवडला, तर दहाही वर्षांचे जून एकाच पोत्यात जातात. सोबत 'वर्ष'ही निवडावे लागते. शिवाय कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. कोऱ्याचा अर्थ त्या दिवशी कोणी नोंदच केली नाही, शून्याचा अर्थ पाऊस पडला नाही. सरासरीत शून्य धरले जाते, कोरे सोडले जाते.

पण खरी गोम आहे ती गाठोड्याच्या आकारात. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. आता समजा, जूनमध्ये १२० मिलिमीटर पाऊस झाला. महिन्याचा स्तंभ उंच दिसतो. पण त्यातले १०० मिलिमीटर पहिल्या आठवड्यातच पडले आणि मग अठरा दिवस थेंब नाही, असे असेल तर? वर आलेले रोप करपते, दुबार पेरणीचे बियाणे विकत आणावे लागते. आलेख म्हणतो जून चांगला गेला, शेतकरी म्हणतो घर बसले. दोघेही खरेच बोलतात.

आपले आजोबा-पणजोबा महिन्याने पाऊस मोजतच नव्हते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा नक्षत्रांनी मोजत. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, म्हणजे हे महिन्याच्या निम्म्याहून लहान गाठोडे. कन्नडमध्येही 'मृगशिरा मळे', 'आर्द्रा मळे' असाच हिशेब. (आपल्याकडे मळे म्हणजे बागायत, त्यांच्याकडे मळे म्हणजे पाऊस. दोन्ही भाषांच्या घरात यावरून थट्टा व्हायचीच.) पेरणीसाठी नक्षत्राचे माप महिन्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे मत.

मुंबईचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढाच पाऊस ३१ दिवसांवर वाटला, तर रोज ३० मिलिमीटर भरतो. छत्री घेऊन ऑफिसला जावे, इतकाच. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. दोन्ही केंद्रांची सरासरी काढली, तर असा आकडा येतो, जो दोन्ही ठिकाणी पडलेलाच नाही. त्यातून हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून हा पाऊस तक्त्यात २७ तारखेपुढे सापडतो. वर्तमानपत्रातल्या बातमीशी तारीख जुळली नाही, म्हणून कुणी ती 'दुरुस्त' करू नये.

तेव्हा मुलांना महिन्याचा स्तंभ काढू द्या, हरकत नाही. पण त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहायला लावा. एक, महिन्यात पावसाचे दिवस किती. हवामान खाते अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस त्यात धरते. दुसरा, ओळीने सर्वांत जास्त कोरडे दिवस किती गेले. हा दुसरा आकडा एक्सेल आपणहून देत नाही, त्यासाठी रोजच्या नोंदी उघडाव्या लागतात. म्हणून गाठोडी बांधून झाली तरी मूळ तक्ता पुसू नका.